नको असेल ते खोडावे

पोत्याची शिवण उसवली तरी आतली डाळ खाली सांडली नाही. ती पोत्याच्याच आकारात घट्ट उभी राहिली. वसतिगृहाच्या शिपायानं तिला काठीनं ढोसलं, तेव्हा एक मोठं ढेकूळ तुटून फरशीवर पडलं आणि आतून पांढरी जाळी दिसली. जाळीत किडे वळवळत होते. तळाला उंदरांच्या लेंड्या होत्या. वास असा, की तो नाकात न जाता थेट घशात उतरावा.

चौकशीला आलेल्या इनामदार साहेबांनी रुमाल नाकाला लावला आणि ते दारापर्यंत मागं सरकले. मला सरकता आलं नाही, कारण पंचनामा मी लिहीत होते. त्या दिवशी घरी जाऊन मी दोनदा आंघोळ केली. आईनं ताटात आमटी वाढली, तर मी ताटावरून उठले.

मी अनुजा. जिल्ह्याच्या एका सरकारी खात्यात कनिष्ठ लिपिक आहे. राहते मंगळवार पेठेत, आईबरोबर. चौकशी समित्या नेमल्या जातात, तेव्हा त्यांच्याबरोबर लॅपटॉप आणि प्रिंटर घेऊन जायचं आणि लोक काय सांगतात ते टाइप करायचं, हे माझं काम. कोण खरं बोलतंय आणि कोण खोटं, हे ठरवणं माझ्याकडं नाही.

ही चौकशी मुलींच्या सरकारी वसतिगृहाची होती. खेड्यापाड्यांतून कोल्हापुरात शिकायला आलेल्या ऐंशी-नव्वद मुली तिथं राहायच्या. गणपती उठून आठवडा झाला होता. सकाळचं जेवून मुली शाळा-कॉलेजात गेल्या आणि दुपारपर्यंत एकतीस जणी ओकायला लागल्या. तीस जणी तीन-चार दिवसांत उठून बसल्या. मोना नावाची नववीतली एक मुलगी मात्र अकरा दिवस दवाखान्यात होती. अंगातलं पाणी इतकं गेलं, की तिच्या किडन्यांवर ताण आला. ती वाचली, पण चालताना भिंत धरायची.

डाळ सडकी होती यात वादच नव्हता. ती सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. वाद एवढाच, की ती सडकीच आली की इथं येऊन सडली. धान्य पुरवायचा ठेका अमरसिंह यांच्याकडं होता. त्यांना सगळे दादा म्हणायचे. ते म्हणत होते, माल चोख होता, स्वयंपाकीणबाईनं कोठीचं छप्पर गळत असताना पोती तशीच ठेवली आणि वर तीच डाळ शिजवली. स्वयंपाकीणबाई म्हणत होती, पोती ट्रकमधून उतरली तेव्हाच डाळीचे गोळे झालेले होते आणि तिनं हे तेव्हाच दोघांना सांगितलं होतं. तिचं नाव झुंबरबाई. बिद्रीच्या पलीकडच्या एका वाडीची. चौदा वर्षं ती त्या चुलीपाशी होती. तरी ती सरकारी नोकर नव्हती. दर अकरा महिन्यांनी नव्या कागदावर सही करायची.

पहिली सुनावणी वसतिगृहाच्या जेवणाच्या हॉलमध्ये ठेवली होती. मी वेळेवर पोचले, तर आत अगरबत्तीचा धूर. पुढच्या टेबलावर अंबाबाईची मोठी तसबीर, तिला झेंडूचा हार, समोर समई, तांब्यावर नारळ. गृहपाल बाई, म्हणजे या वसतिगृहाच्या प्रमुख, पदर खोचून रांगोळीचे ठिपके काढत होत्या.

"आज काही कार्यक्रम आहे का?" मी विचारलं.

"न्हाई, चौकशीच की," त्या म्हणाल्या. "दादांनी स्वतः आणून दिली तसबीर. साहेबांची इच्छा होती."

ज्याची चौकशी, त्यानंच देव आणून दिला होता. दादा कोपऱ्यात हात जोडून उभे होते, कपाळावर कुंकवाचा आडवा पट्टा, पांढरा शर्ट. मला बघून हसले. "या मॅडम. आज दूध का दूध, पानी का पानी. आईसमोर कोण खोटं बोलंल?"

इनामदार साहेब आले, तसबिरीला वाकून नमस्कार केला आणि खुर्चीवर बसले. नृसिंह इनामदार हे आमच्या खात्यातले वरिष्ठ. भाविक माणूस म्हणून त्यांचं नाव होतं. त्यांनी जाहीर केलं, की प्रत्येकानं नारळावर हात ठेवून देवीची शपथ घ्यायची आणि मगच जबाब द्यायचा.

मीही देव मानते. शुक्रवारी आईबरोबर देवळात जाते, रांगेत उभी राहते. म्हणून नंतर जे झालं त्याची मला जास्तच शिसारी आली.

गृहपाल बाईंनी नारळावर हात ठेवला आणि सांगितलं, माल उत्तम होता. शिपायानं हात ठेवला आणि सांगितलं, माल उत्तम होता. याच शिपायानं काठीनं ढेकूळ फोडलं होतं. भांडीवाल्या दोघी, वॉचमन, हिशेबनीस, सगळ्यांनी हात ठेवले. एकाचंही बोट थरथरलं नाही. दादांनी तर दोन्ही हात ठेवले, डोळे मिटले, गळा दाटून आल्यासारखा आवाज काढला. "माझ्या पोरी हायत त्या सगळ्या. मी त्यांच्या तोंडात माती घालीन व्हय?" समई तेवत होती, मी टाइप करत होते, आणि झेंडूच्या वासामागून अजूनही कोठीतला तो वास येत होता.

मग संयोगिताला बोलावलं. अकरावीची मुलगी, गारगोटीजवळच्या शेतकऱ्याच्या घरची. मुलींमधून दोघी-तिघींना भोजन समितीवर घेतात आणि धान्य उतरताना हजर ठेवतात. त्या दिवशी ती एकटीच हजर होती. ती टेबलापाशी आली तेव्हाच तिचा चेहरा पांढराफटक होता. गृहपाल बाई तिच्या मागं, खांद्यावर हात ठेवून उभ्या होत्या.

"ठेव बाळ हात. घाबरायचं न्हाई," बाई म्हणाल्या.

तिनं हात ठेवला. "माल चांगला होता," असं इतकं हळू बोलली, की साहेबांना पुन्हा विचारावं लागलं. पुन्हा तेच बोलली. सही केली आणि मागं न बघता निघून गेली.

शेवटी झुंबरबाई. पासष्टीच्या आसपासची, वाळकी, नऊवारीचा ओचा घट्ट खोचलेला. ती टेबलाकडं आली आणि हात मागं बांधून उभी राहिली.

"हात ठेवा," साहेब म्हणाले.

"मी देवाची शपथ घेत न्हाई साहेब."

"का? भीती वाटते?"

"भ्या कशाचं? मी देव मानत न्हाई. वीस-बावीस वरसं झाली. आमच्या दिरांनी देवळात भंडाऱ्याची हळद उचलून सांगितल्यालं, की जमिनीत माझा वाटा न्हाई म्हणून. भंडारा उचलला आन् घरला जाऊन मटण खाल्लं. त्यास्नी काय बी झालं न्हाई. तवापास्नं मी म्हटलं, खरं बोलायचं तर आपलं आपुन बोलावं. मधी कुणाला उभं करू नये."

हॉलमध्ये कुणीतरी "शिव शिव" म्हणालं. दादांनी कानाला हात लावला.

"शपथ नाही तर जबाब नाही," साहेब म्हणाले.

माझं काम बोलण्याचं नव्हतं, पण जबाबाचा छापील नमुना माझ्याच समोर होता. त्यात पहिलीच ओळ अशी असते: 'मी देवाची शपथ घेऊन / सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो/करते की.' आणि खाली बारीक अक्षरात: 'नको असेल ते खोडावे.' मी कागद साहेबांपुढं सरकवला. "सर, यांना सत्यप्रतिज्ञेवर जबाब देता येतो. देवाची शपथ खोडायची फक्त."

साहेबांनी कागदाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "कोल्हापुरात बसून तुम्ही मला देवीचं नाव खोडायला सांगताय? ते दुसरं खोडा."

"सर, ते त्यांनी ठरवायचं..."

"अनुजा मॅडम, टाइप करा."

मी टाइप केलं. त्यांनी सांगितलं ते असं: 'सदर महिला देवाची शपथ घेण्यास तयार नाही. यावरून तिच्या मनातील अपराधी भावना स्पष्ट होते. सबब तिचा जबाब नोंदवण्याची आवश्यकता वाटत नाही.' हे वाक्य माझ्या बोटांतून गेलं आहे. ते मी अजून विसरले नाही. झुंबरबाई समोर उभी होती, चौदा वर्षं त्या कोठीत वावरलेली, पोत्यांबद्दल सगळ्यात जास्त माहिती असलेली, आणि तिला एकही प्रश्न विचारला गेला नाही. उठताना साहेबांनी सगळ्यांना खोबरं वाटलं. माझ्या हातावरचा तुकडा मी पर्समध्ये टाकला आणि विसरले. चार दिवसांनी पर्स उघडली तर तो बुळबुळीत झाला होता.

झुंबरबाईला कामावरून काढलं. तेवढ्यावर भागलं नाही. मुलींच्या पालकांत कुणीतरी पिल्लू सोडून दिलं, की बाई नास्तिक आहे, तिच्या हातचं अन्नच विटाळलेलं होतं, म्हणून पोरी आजारी पडल्या. सडकी डाळ बाजूलाच राहिली. एका पालकानं तर अर्ज दिला, की यापुढं स्वयंपाकीण देवभोळी असावी. त्या अर्जावर आमच्या खात्याचा आवक शिक्का बसला. शिक्का मीच मारला.

पण वर्तमानपत्रात बातमी आली. एका वकीलबाईंनी तक्रार केली, की सरकारी चौकशीत नारळावर हात ठेवायला लावतात. वरून विचारणा झाली, इनामदार साहेबांचा अहवाल बाजूला ठेवला गेला आणि दोन महिन्यांनी दुसरे अधिकारी आले. शार्दूल रेगे. तिशीतले, बाहेरून बदलून आलेले, भराभर बोलणारे. फाइल वाचून ते मला म्हणाले, "हा काय मूर्खपणा आहे? आपण कुठल्या शतकात आहोत?" मला इतकं बरं वाटलं, की त्या दिवशी मी आईला आमटी करायला सांगितली.

सुनावणीच्या दिवशी मी हॉलमध्ये गेले. तसबीर नव्हती, समई नव्हती. बरं झालं म्हणून मी प्रिंटर लावायला घेतला. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून रडण्याचा आवाज आला. गेले, तर गृहपाल बाई मुलींच्या खोल्यांतून फिरत होत्या. मुलींच्या पत्र्याच्या पेट्या उघड्या होत्या आणि झाकणाच्या आतून चिकटवलेली देवांची चित्रं बाई नखांनी खरवडून काढत होत्या. एक गणपती, एक जोतिबा, एकीच्या पेटीत दर्ग्याचं चित्र. फाटलेले तुकडे केराच्या बादलीत.

"हे काय चाललंय?"

"साहेबांचा हुकूम," बाई म्हणाल्या. "सरकारी इमारतीत देव दिसला न्हाई पायजे." दोन महिन्यांपूर्वी रांगोळी काढणारी हीच बाई. तेव्हा जितक्या मनापासून ठिपके काढत होती, तितक्याच मनापासून आज खरवडत होती. तिच्या नखांत रंगीत कागदाचा मळ साचला होता. मला तिच्याकडं बघवेना.

रेगे साहेबांनी पहिल्यांदा झुंबरबाईलाच बोलावलं. गावाकडून तिला जीप पाठवून आणलं होतं. तिला खुर्ची दिली, चहा दिला. तिनं सत्यप्रतिज्ञेवर जबाब दिला: पोती कुठल्या दिवशी आली, कुणी उतरवली, डाळ सुपात घेतली तर पाखडता येईना, दादांना गाडीवाल्याच्या फोनवर सांगितलं तर ते म्हणाले धुऊन घाला, आणि गृहपाल बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, दुसरी डाळ आणायची कुठून, हीच शिजवा.

"मग तुम्ही शिजवली का?" साहेबांनी विचारलं.

"शिजवली," ती म्हणाली. "सात पाण्यानं धुतली आन् शिजवली. न शिजवावं तर पोरी उपाशी राहणार. ती माझी चूक हाय. ते बी ल्ह्या."

मी लिहिलं. साहेबांना मात्र त्या शेवटच्या वाक्यात रस नव्हता. त्यांनी मोबाइल काढून कुणाला तरी दिला, झुंबरबाईच्या शेजारी उभे राहिले आणि फोटो काढून घेतला. "खेड्यातली अशिक्षित बाई, पण विवेकवादी! अशा बायकांची देशाला गरज आहे." झुंबरबाईनं माझ्याकडं बघितलं. "काय म्हणत्यात वो ताई?" मी पुढचा कागद प्रिंटरला लावला.

मग संयोगिता. ती आत आली ती मुठीत काहीतरी धरून. साहेबांनी विचारलं तर तिनं मूठ उघडली. वर्तमानपत्राच्या पुडीत गुलाल होता.

"जोतिबाचा हाय सर. मला खरं सांगायचं हाय. पण मी हा कपाळाला लावून, शपथ घेऊन सांगणार."

"का?"

तिला नीट सांगता येईना. हुंदके देत ती बोलली ते असं: मागच्या वेळी तिनं देवीची खोटी शपथ घेतली. बाईंनी सांगितलं होतं, की घेतली नाहीस तर वसतिगृहातून नाव काढू. त्यानंतर मोना पुन्हा दवाखान्यात गेली. आपल्या खोट्या शपथेमुळंच ती बरी होत नाही, असं तिच्या मनानं घेतलं होतं. आता घरच्या देवाची खरी शपथ घेतल्याशिवाय हे पाप उतरायचं नाही.

मला वाटलं, आता साहेब तिला पाणी देतील. साहेब हसले.

"हे बघ, डॉक्टरांना विचार मोना कशानं आजारी आहे. शपथेनं कुणाच्या किडन्या बिघडत नाहीत. ही शुद्ध अंधश्रद्धा आहे. अकरावी सायन्सला ना तू? जा, तो गुलाल बाहेर टाकून ये आणि मग बोल."

"टाकू?" तिनं विचारलं.

"टाक. सरकार धर्मनिरपेक्ष असतं. इथं देव चालणार नाही."

मी पुन्हा तोच कागद पुढं सरकवला. "सर, नमुन्यात दोन्ही आहे. शपथ घ्यायची की प्रतिज्ञा करायची, हे जबाब देणाऱ्यानं ठरवायचं. तिला देवाची शपथ हवी असेल तर दुसरं खोडायचं."

"मॅडम, इनामदारांनी जे केलं तेच मी करू का?"

"सर, इनामदार साहेबांनी खोडायला लावलं म्हणूनच तुम्ही आलात. तुम्ही पण खोडायलाच लावताय."

ते लाल झाले. तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. झुंबरबाई उठली होती.

"ओ साहेब. पोरीला घेऊ द्या की शपथ. तिचा देव हाय, तिच्या कपाळाला लावंल. तुमचं काय जातंय?"

"आजी, तुम्ही तर देव मानत नाही!"

"मी न्हाई मानत. म्हणून तिनं बी मानू नये व्हय? माझ्या तोंडात देव कोंबाय आलतं ते एक साहेब. आन् तुम्ही तिच्या हातातला काढून घ्याय आलाय. डाळीचं कोण इचारणार हाय का न्हाई?"

"बाहेर व्हा. जबाब संपलाय तुमचा."

संयोगितानं पुडी मिटली आणि ती बाहेर गेली. तिनं गुलाल टाकला नाही आणि ती परत आत आली नाही. साहेबांनी मला सांगितलं: 'विद्यार्थिनीने जबाब देण्यास नकार दिला.' दादा दारात उभे होते. या वेळी कपाळ स्वच्छ धुतलेलं. "साहेबांचे विचार लई पुढारलेले हायत," ते मला म्हणाले. त्यांच्या तोंडाला वेलदोड्याचा वास होता.

रेगे साहेबांच्या अहवालात असं आलं, की स्वयंपाकीणबाईचा जबाब विश्वासार्ह वाटतो, पण त्याला दुसऱ्या कुणाचा आधार नाही, सबब ठेकेदारावर ठपका ठेवता येत नाही. एका साहेबांनी देव आणला आणि दुसऱ्यांनी देव काढला. डाळ दोघांच्याही हातून कोठीतच राहिली. शिवाय रेगे साहेबांचा झुंबरबाईबरोबरचा फोटो वर्तमानपत्रात छापून आला. वाडीत तिच्याशी दोन घरांनी बोलणं टाकलं.

मी आठवडाभर नीट जेवले नाही. मग एका दुपारी ऑफिसात बसून दीड पानाची टिपणी लिहिली. त्यात मी कुणाला शिव्या दिल्या नाहीत. पहिल्या सुनावणीत काय झालं, दुसऱ्या सुनावणीत काय झालं, छापील नमुन्यात काय आहे, एवढंच. शेवटी लिहिलं, की दोन साक्षीदार होते, एक देव मानणारी आणि एक न मानणारी, दोघींनाही खरं सांगायचं होतं आणि दोघींनाही आपण दोन वेगवेगळ्या दिवशी गप्प केलं. खाली सही केली आणि फाइल वर पाठवली. आई म्हणाली, "तुला काय गरज होती?" खरं म्हणजे गरज अशी काही नव्हती, पण ती दोन वाक्यं मी टाइप केली होती आणि रोज भाकरी थापताना ती मला आठवायची.

महिन्याभरात माझी बदली गारगोटीला झाली. पण टिपणी फाइलीतच राहिली होती आणि ती कुणीतरी वाचली. तिसरी सुनावणी लागली. जुनं काम माझ्याकडं होतं म्हणून मला एका दिवसापुरतं बोलावलं.

या वेळी प्रियदर्शनी मॅडम होत्या. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं, पाय सुजलेले, टेबलाखाली चपला काढून बसलेल्या. त्यांना आल्या आल्या पंखा बंद पाहिजे होता आणि चहा बिनसाखरेचा.

पहिल्यांदा संयोगिता आली. पुडी घेऊनच.

"शपथ की प्रतिज्ञा?" मॅडमनी मान वर न करता विचारलं.

"शपथ. जोतिबाची. हा लावू?"

"लाव. कागदावर सांडू नको."

संयोगितानं बोट बुडवून कपाळाला लावलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि बोलायला लागली. पोती उतरवतानाच एक फुटलं होतं. आतून गोळे निघाले. झुंबरमावशी गाडीवाल्याला म्हणाली, परत न्या. गाडीवाल्यानं दादांना फोन लावला. स्पीकरवर दादांचा आवाज तिनं ऐकला: "पोरी काय पारखून बघत्यात व्हय? उतरव." मग गृहपाल बाईंनी तिच्यापुढं रजिस्टर धरलं आणि माल चांगला असल्याची सही घेतली. ती वीस मिनिटं बोलली, एकदाही अडखळली नाही.

मग झुंबरबाई. "शपथ की प्रतिज्ञा?"

"देव नगं."

"बरं." मॅडमनी मला खूण केली, मी तो शब्द खोडला. त्यांनी तिचं कौतुक केलं नाही आणि तिला दूषणही दिलं नाही. पुढचा प्रश्न गाडीच्या नंबराचा होता. दोघींच्या जबाबातला दिवस, गाडी, फोन, सगळं जुळलं. ते बघून शिपायानं, भांडीवाल्यांनी आपापले जबाब बदलले. अडीच तासांत काम उरकलं. सात महिने जे निघत नव्हतं ते अडीच तासांत निघालं. निघताना मॅडम चपला शोधत मला म्हणाल्या, "यात अवघड काय होतं?" त्यांना खरंच कळलं नव्हतं.

आदेश निघाला. अमरसिंहांचं नाव काळ्या यादीत गेलं, गृहपाल बाईंची एक वेतनवाढ थांबली. हे वाचून मला आनंद व्हायला हवा होता. पण पुढच्याच महिन्यात त्या वसतिगृहाचा ठेका यशराज नावाच्या माणसाला मिळाला. यशराज म्हणजे दादांचा सख्खा भाचा. गाड्या त्याच, गोदाम तेच. इनामदार साहेबांना बढती मिळाली. रेगे साहेब कुठल्याशा शहरात 'प्रशासन आणि विवेक' या विषयावर भाषण देऊन आले. झुंबरबाईला परत घेतलं नाही. तिच्या कराराची मुदत चौकशी चालू असतानाच संपली होती, म्हणून परत घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, असं कळवण्यात आलं.

मोनाला वसतिगृहात पुन्हा प्रवेश द्यावा, असं आदेशात एक कलम होतं. तिचं गाव गारगोटीपासून जवळ, म्हणून ते पत्र पोचवायचं काम माझ्याकडं आलं. मी मोपेडवरून गेले. घराच्या पुढं तिचे वडील म्हशीला वैरण घालत होते. मी पत्र वाचून दाखवलं. त्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली.

"म्हंजे डाळ कुणी आणली ते कळलं म्हणा."

"कळलं."

"कवा कळलं?"

"मागच्या महिन्यात."

"आन् तवर काय चौकशी चाललीती?"

मी पत्र त्यांच्या हातात दिलं.

"आमी ऐकल्यालं," ते म्हणाले, "कोण देवाची शपथ घेतंय आन् कोण घेत न्हाई, ह्याचीच चौकशी चाललीती. आमची पोरगी तितं दवाखान्यात सुया टोचून घ्यायलीती, आन् तुम्ही हितं देव आत का भाईर, तेवढंच बघाय लागलाता. न्हाई व्हय?"

"व्हय," मी म्हणाले.

त्यांनी पत्राची घडी केली आणि माझ्या हातात परत दिली. पोरीला पाठवणार नाही, म्हणाले. मला पोच हवी होती. त्यांनी पोच कागदावर सही केली, शेरा म्हणून 'नको' असं लिहिलं. दारात मोना उभी होती, चौकटीला हात धरून. वजन निम्मं झालेलं. "मॅडम, पाणी घ्या," ती म्हणाली आणि तांब्या पुढं केला. मी पाणी प्यायले. तिला विचारावं असं माझ्याकडं काही नव्हतं. मोपेड चालू केली आणि पोच घेऊन ऑफिसला गेले. वेळेत जावक नोंद करायची होती.